डबाबंद मटण: भीती कशाची बाळगावी?

दिवाळीच्या सुट्टीत आणि पुन्हा मे महिन्यात माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. फौजेतला मुलगा सुट्टीवर आलेला असतो, नाहीतर आखातात नाहीतर जहाजावर असलेला पुतण्या घरी आलेला असतो. बॅगेतून कपडे, साबण, खजूर निघतात आणि एखादा मटणाचा, चिकनचा किंवा माशाचा डबाही निघतो. दोन दिवस तो डबा शोकेसमध्ये शोभेला राहतो. मग घरातलं कोणीतरी बीपी तपासायला आलं की हळूच विचारतं, "डॉक्टर, हे खाल्लेलं चालतं का?"

या प्रश्नाला आपल्या रावेरच्या बाजूला दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं असं की डब्यातलं म्हणजे शिळं, त्यात औषधं घालून ते टिकवलेलं असतं, ते विषच. दुसरं असं की फौजी लोक बर्फात हेच खाऊन लढतात, म्हणजे ताकदीचं आहे, आजारी माणसाला तर आधी द्या. माझ्या मते दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि दुसरं जास्त धोक्याचं आहे. पहिल्या उत्तरानं फार तर एक डबा वाया जातो. दुसऱ्यानं मी माणूस ऑक्सिजनवर गेलेला पाहिला आहे. त्याची हकीकत पुढे येईल, आधी हा डबा टिकतो कसा ते बघू.

मांस खराब होतं ते जंतूंमुळे. जंतू मारले आणि नवे आत येऊ दिले नाहीत तर मांस वर्षानुवर्षं टिकतं. एवढंच तत्त्व. फ्रान्समधल्या निकोला अपेर नावाच्या आचाऱ्यानं अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची पद्धत शोधली. त्याबद्दल १८१० साली त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. सरकारला पडली होती फौजेच्या आणि आरमाराच्या जेवणाची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे जंतूंमुळे अन्न नासतं हे पाश्चरनं दाखवलं ते पुढे पन्नासेक वर्षांनी. आणि डबा उघडायचं हत्यारही तितक्याच उशिरा आलं. तोपर्यंत शिपाई छिन्नी-हातोड्यानं नाहीतर संगिनीनं डबे फोडत.

आज कारखान्यात मांस डब्यात भरून, झाकण सील करून, मग डबा बंद असतानाच वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतलं तापमान याच्या जवळपास असतं. कुकर कधीच उघडला नाही आणि बाहेरची हवा आत गेलीच नाही, तर काय होईल अशी कल्पना करा. हे झालं डबाबंद मांस. त्याला टिकवणारी गोष्ट उष्णता आहे. काही प्रकारांत, विशेषतः गुलाबी दिसणाऱ्या दाबलेल्या मांसात, नायट्राइट नावाचं मीठ घालतात. पण साध्या मटण करीच्या डब्याला टिकण्यासाठी त्याची गरज नसते. म्हणून "औषध घालून ठेवलेलं" हे सरसकट म्हणणं बरोबर नाही. पाकिटावर घटक छापलेले असतात, ते वाचावेत.

मांस टिकवणं ही काही गोऱ्या लोकांचीच विद्या नाही. आपल्याकडे उन्हाची कमी नव्हती. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायच्या, त्याला चान्या म्हणतात. ज्यांच्या वाट्याला मांस एकदम यायचं आणि मग महिनोन् महिने यायचं नाही, त्या घरांनी ही पद्धत सांभाळली. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे २०१५ सालचं पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याबद्दल आहे. ज्यांना या अन्नाचं नुसतं नाव ऐकून नाक मुरडायची सवय आहे त्यांनी ते वाचावं. डॉक्टर म्हणून सांगतो, पाणी काढून टाकलं की जंतू वाढत नाहीत, हे शास्त्र त्या दोरीवरच्या पट्ट्यांनाही तितकंच लागू आहे. सुकट, बोंबील, सोडे यांचंही तेच. फरक इतकाच की उन्हानं काम पूर्ण होत नाही, म्हणून मीठ जास्त लागतं. हे मीठ लक्षात ठेवा.

माझी स्वतःची डब्याशी ओळख मामांमुळे झाली. मामा फौजेत होते, ईशान्येकडे कुठेतरी. आम्हाला नकाशात दाखवलेलं, पण लक्षात राहिलेलं नाही. वर्षातून एकदा काळी ट्रंक घेऊन यायचे. एका वर्षी ट्रंकेतून गडद हिरव्या रंगाचा, काही चित्र नसलेला डबा निघाला. त्यावर फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आम्हा पोरांना आधी वाटलं रंगाचा डबा असेल. मामा म्हणाले, मटण आहे. आजी माळकरी होती. एकादशी, पंढरपूर, सगळं कडक. तिनं डबा घरात ठेवू दिला नाही. तो दोन दिवस गोठ्याच्या खिडकीत होता. शेवटी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि वेगळं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं. घरातल्या भांड्यांना हात लावायचा नाही ही अट होतीच.

टिन कटर कोणाकडे होतं? मामांनी चाकूचं टोक ठेवून वर दगड मारत मारत झाकण कापलं. आत वर पांढऱ्या चरबीचा थर, खाली मऊ तुकडे आणि थिजलेला रस्सा. वास आम्हाला नेहमीच्या मटणाचा वाटेना, जरा उकडलेला, जरा पत्र्याचा. मामी हुशार. तिनं चरबी चमच्यानं काढून त्याच चरबीत कांदा परतला. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि आपला खान्देशी काळा मसाला पाट्यावर वाटून घातला, पाणी ओतलं, खळखळून उकळी आल्यावर मांस टाकलं. मीठ टाकायला गेली तेव्हा मामा म्हणाले, "थांब, आधी चाख." चाखलं, मीठ लागलंच नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर आम्ही सातजणांनी तो एक डबा खाल्ला. प्रत्येकाला दोन-तीन तुकडे आले असतील, बाकी रस्सा. आजी तोपर्यंत ओसरीवर पाठ करून बसली होती. पण डबा धुऊन वाळवल्यावर तिनंच तो घेतला. कित्येक वर्षं आमच्याकडे कोंबड्यांना दाणे टाकायचं माप तेच होतं.

शाळेच्या शेवटच्या वर्षांत भुसावळच्या एका मित्राकडे दुसरा प्रकार पाहिला. रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत होती, त्यांच्या शेजारी हा मित्र राहायचा. तिथे डब्यातलं मांस हे कौतुकाचं नव्हतं, सोयीचं होतं. गार्ड आणि ड्रायव्हर यांच्या ड्यूटीचा भरवसा नाही, घरी बाजार झालेला नाही, की डबा उघडायचा. उकडलेल्या बटाट्यात कुस्करायचं, मिरपूड, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून टिक्क्या करायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात भाजायच्या. शेजारच्या काकू आम्हाला दोन दोन द्यायच्या. मला आज डॉक्टर म्हणून वाटतं, डब्यातलं मांस खायची याहून शहाणी रीत नाही. कारण त्यात बटाटा तीन हिस्से आणि मांस एक हिस्सा असायचं.

या दोन्ही आठवणींत एक गोष्ट समान आहे. एक डबा आणि पुष्कळ माणसं.

फौजी खातात म्हणून ताकदीचं?

फौजेला डबा लागतो कारण सियाचीनसारख्या ठिकाणी ताजं मटण पोहोचत नाही आणि पोहोचलं तर शिजत नाही. डबा ही तिथली मजबुरी आहे. आपल्या संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा म्हैसूरला १९६१ पासून आहे, आणि जवानाचं जेवण जास्तीत जास्त घरच्यासारखं कसं करता येईल, डब्याचं वजन कमी कसं होईल यावर तिथे काम चालतं. आज दुकानात मिळणारी गरम करून खायची पाकिटं त्याच वाटेनं आली. बर्फात चढणाऱ्या, दिवसभर ओझं वाहणाऱ्या पंचविशीतल्या जवानाचं शरीर आणि पासष्टीतल्या त्याच्या वडिलांचं शरीर यांत फरक आहे, हे सांगायला डॉक्टर लागू नये. पण सांगावं लागतं.

नुसत्या डब्यांवर फौज जगत नाही, याचा एक धडा मराठी पलटणींच्या इतिहासातच आहे. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुत या गावी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रसद तुटली, मग तोफा ओढणारे घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांनी धर्मासाठी आणि गावाकडे लोक काय म्हणतील म्हणून बरेच दिवस नकार दिला. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवली गेली, तरी अनेकांचं मन होईना.

डॉक्टरांच्या दृष्टीनं नवलाची गोष्ट पुढे आहे. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन फौजांना दोन वेगळे आजार झाले. हिंदी शिपायांना स्कर्वी झाला, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात, कारण ना भाजीपाला ना ताजं मांस. क जीवनसत्त्व शरीरात जाईना. गोऱ्या शिपायांना तो फारसा झाला नाही, कारण ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं. पण त्यांना बेरीबेरी झाला, पाय सुजले, हातापायांतली ताकद गेली, कारण ते पांढऱ्या पिठाचा पाव खात होते. आपले शिपाई कोंड्यासकट आटा आणि जव खात होते, त्यांना बेरीबेरी झाला नाही. गोऱ्यांनाही पुढे तेच पीठ द्यावं लागलं आणि आजार ओसरला. त्या मोहिमेत इतरत्रही पांढरा पाव, बिस्किटं आणि डबाबंद मांस यांवर राहिलेल्या गोऱ्या पलटणींत बेरीबेरी आढळला. डबा १२१ अंशांवर तापवताना मांसातलं ब-१ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होतं. पोट भरतं, प्रथिनं आणि लोह मिळतं, पण बाकीचं भाजी-भाकरीनं भरून काढावं लागतं. कळण्याच्या भाकरीबरोबर डबा खाणारी माझी मामी हे नकळत करत होती.

आता ती हकीकत. साठी उलटलेले एक काका, केळीचे शेतकरी. काही वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. गोळ्या नियमित, लघवीची गोळी सकाळी एक. मुलगा फौजेत. तो सुट्टीवर आला आणि परत गेला, त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे काकांना दम लागला म्हणून घेऊन आले. आडवं होता येईना, पायांवर सूज, छातीत पाण्याचा आवाज. गोळ्या चुकल्या का? नाही. काही वेगळं खाल्लं का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी काकू म्हणाल्या, मुलानं दोन डबे आणले होते, दाबलेल्या मांसाचे, तो गेल्यावर दोघांनी तीन दिवसांत संपवले. सोबत बिबडे आणि लोणचं होतंच.

त्यांना इंजेक्शनं देऊन, ऑक्सिजन लावून, पुढे जळगावला पाठवावं लागलं. वाचले. बरे होऊन आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, पोरानं एवढ्या लांबून आणलेलं. माझ्यासाठी आणलेलं. वाटून टाकलं असतं तर त्याला काय वाटलं असतं?" मी यावर काय बोलणार? पण हिशोब मांडून दाखवला, तो इथेही मांडतो.

दाबलेल्या, खारवलेल्या मांसाच्या डब्यात १०० ग्रॅममागे साधारण ९०० ते १,४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. आपण मधला, १,००० चा आकडा धरू. ३४० ग्रॅमच्या डब्यात ३,४०० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ येतं, म्हणजे साडेआठ ग्रॅम मीठ, एका डब्यात. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आपण भारतीय याच्या दीडपटीहून जास्त आधीच खातो. त्यात हा डबा, वर बिबडे, वर लोणचं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. चांगलं हृदय आणि चांगली किडनी असेल तर ते पाणी बाहेर टाकलं जातं. कमजोर हृदयाला ते झेपत नाही, ते पाणी फुप्फुसात साठतं. काकांना मांसानं त्रास दिला नाही, मिठानं दिला. दोन डबे सुकट खाल्ली असती तरी हेच झालं असतं.

म्हणून माझा आग्रह असा आहे: डबा हातात आला की आधी तारीख नको, आधी सोडियमचा आकडा बघा. १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो खारा पदार्थ समजा, आणि लोणच्यासारखाच वापरा. १२० च्या खाली असेल तर मिठाची काळजी नाही. मटण करी किंवा चिकन करीची पाकिटं बहुधा या दोन्हींच्या मधे येतात. ज्यांचं हृदय कमजोर आहे, किडनीचा आजार आहे, पायांवर सूज येते, बीपी गोळ्या घेऊनही १५० च्या खाली येत नाही, त्यांनी खारवलेल्या डब्याला हात लावू नये. घरातल्या फौजी मुलाला हे डॉक्टरनं सांगितलं म्हणून सांगा, माझं नाव पुढे करा, वाईटपणा मी घेतो. आणि हृदयाच्या पेशंटनं सणासुदीच्या, पाहुण्यांच्या दिवसांत रोज सकाळी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. दम लागायची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

कॅन्सरचं विचाराल तर थोडक्यात सांगतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं आणि त्या यादीत डबाबंद मांसही आहे. पहिला गट म्हणजे मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो याचा पुरावा भक्कम आहे, एवढाच अर्थ. तंबाखूही त्याच गटात आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ नाही. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. यातला 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून दोनदा डबा उघडणाऱ्यानं यासाठी झोप उडवून घेऊ नये. आणि खिशात गुटख्याची पुडी ठेवून मला डब्यातल्या मांसाच्या कॅन्सरबद्दल विचारणाऱ्यांना मी आधी ती पुडी टेबलावर ठेवायला सांगतो.

शिजवायचं कसं

डब्यातलं मांस शिजलेलंच असतं, त्याला पुन्हा कुकरमध्ये घातलं तर दोऱ्या दोऱ्या होतात. खारवलेलं असेल तर तुकडे करून पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. बरंचसं मीठ त्याबरोबर जातं. करीचा डबा असेल तर वरची चरबी काढा. मसाला मामीच्या पद्धतीनं आधी पूर्ण शिजवा, त्यात पाणी घालून उकळी आणा, मग मांस घालून दहा मिनिटं खळखळू द्या. मीठ शेवटी, चाखून, आणि बहुतेक वेळा नाहीच. सोबत भाजी घाला. बटाटा, वांगं, दुधी, शेवग्याच्या शेंगा, काहीही. आपल्याकडची हिरवी काटेरी वांगी यात फार छान लागतात, मसाला पितात आणि मीठही वाटून घेतात. भुसावळच्या टिक्क्यांचं प्रमाण सांगितलंच आहे. तव्यावर काळं होईपर्यंत भाजू नका. लिंबू भरपूर पिळा, त्यानं मिठाची आठवण कमी होते आणि डब्यात नसलेलं क जीवनसत्त्वही मिळतं. त्या जेवणात पापड, बिबडे, लोणचं, शेव यांतलं काहीही ताटात नको.

एका डब्याला चारपेक्षा कमी माणसं नसावीत, हा माझा घरगुती नियम.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका, स्टीलच्या डब्यात काढा, दोन दिवसांत संपवा. लाईट आठ-आठ तास जात असेल तर फ्रिजवरही भरवसा ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात कोणतंही शिजवलेलं मांस, घरचं असो वा डब्यातलं, तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नये. लग्नसराईत जुलाब-उलट्यांनी भरलेला माझा दवाखाना डब्यामुळे भरलेला नसतो, दुपारच्या पातेल्यातलं रात्री वाढल्यामुळे भरलेला असतो. न उघडलेला डबाही पत्र्याच्या छताखाली माळ्यावर ठेवू नये. कारखान्याच्या उष्णतेतून काही काटक जंतूंचे बीजाणू वाचलेले असतात. थंड जागी ते झोपून राहतात, पण डबा ४५ अंशांच्या आसपास बरेच दिवस तापला तर जागे होऊन आतला पदार्थ आंबवतात, आणि गंमत अशी की डबा फुगतही नाही. ते विषारी नसतं, पण खाण्यासारखंही राहत नाही. घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी जागा, जमिनीलगतचं कपाट, तिथे ठेवा. डबा फुगलेला, गळणारा, शिवणीवर गंजलेला किंवा उघडताच पिचकारी मारणारा असेल तर चाखूनसुद्धा बघू नका.

हे का, तर बॉट्युलिझममुळे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू मातीत असतो, हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागी वाढतो आणि एक जबरदस्त विष तयार करतो. बेल्जियममधल्या एका गावात १८९५ साली बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं, त्यातले तिघं मेले, आणि त्या प्रकरणातून व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं हा जंतू शोधला. कारखान्यातलं १२१ अंशांचं गणित मुख्यतः याच्याच बीजाणूंसाठी मांडलेलं आहे. म्हणून कारखान्याच्या नीट डब्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटते: हल्ली घरोघरी, काही बचत गटांतही, मटणाचं, चिकनचं, कोळंबीचं लोणचं करून बरणीत भरून विकायला लागले आहेत. मांस साध्या उकळीवर शिजलेलं, म्हणजे बीजाणू जिवंत. वर तेलाचा थर, म्हणजे हवा बंद. कैरी-लिंबाचा आंबटपणा नाही. आणि बरणी बाहेर, आपल्या उन्हात. या जंतूला आणखी काय हवं? कैरीच्या लोणच्याचा नियम मांसाला लावू नका. असं लोणचं घरी केलंत तर व्हिनेगर नाहीतर लिंबू सढळ हातानं घाला, फ्रिजमध्येच ठेवा, आठवड्यात संपवा. विकायचं असेल तर त्याचा आंबटपणा प्रयोगशाळेत मोजून घ्या, पीएच ४.६ च्या खाली हवा. ते न करता बाहेर ठेवून विकणं मला मान्य नाही, कितीही चविष्ट असो.

या विषाची लक्षणं बारा ते छत्तीस तासांत दिसू लागतात: एकाची दोन दिसणं, पापण्या खाली येणं, तोंड कोरडं, बोलणं जड, गिळता न येणं, मग हात-छाती-पाय असा वरून खाली पसरणारा लुळेपणा. ताप नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. आपल्याकडे पहाटे पापण्या पडलेला माणूस आला की आधी मण्यार चावल्याचा संशय घ्यायचा, आणि ते बरोबरच आहे, मण्यारीची खूण अनेकदा दिसतही नाही. पण त्याच घरातल्या दुसऱ्या कोणाला तसंच होत असेल, आणि दोघांनी आदल्या दिवशी एकाच बरणीतलं नाहीतर एकाच डब्यातलं खाल्लं असेल, तर ते डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा आणि ती बरणी न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत आणा.